मास्तर डोळ्यांच्या परीक्षेत पास होतात

बाळांनो, कल्पना करा, तुम्ही खुर्चीवर बसला आहात आणि समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. तक्ता दिसतो, अक्षरं दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर मुंग्या सांडल्यासारखं काहीतरी. काचीगुड्याच्या नामदेवराव मास्तरांना गेले चार महिने सगळं जग असंच दिसत होतं.

मधुमेहाने डोळ्यांच्या आतल्या बारीक नसा झिरपत होत्या. लेझर लवकर केलं नाही तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पेन्शनीत इन्सुलिनच जेमतेम बसायचं. डोळ्यांचे थेंब मास्तर एक दिवस आड घालत आणि घरी कुणाला कळू देत नसत. लेझरला पैसे कुठून आणायचे, म्हणून नात तेजश्री त्यांना विद्यानगरच्या शिबिरात घेऊन आली. मधुमेहाने ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांचं लेझर तिथली संस्था फुकट करून देई, वर्षभराची औषधंही देई.

"तू काळजी करू नकोस, तेजू," मास्तर रिक्षातच म्हणाले. "छत्तीस वर्षं परीक्षा घेतल्यात मी. परीक्षेला कसं बसायचं ते मला ठाऊक आहे."

घोटाळा तिथेच झाला. शिबिराच्या रांगेत त्यांच्या पुढे अकरा माणसं होती आणि सगळी तेलुगू तक्ता मोठ्याने वाचत होती. कुणी दोन ओळींत थांबे, एकजण तर तळापर्यंत पोचला. मास्तरांचे ओठ हलत होते. तेजश्रीला वाटलं, आजोबा रामरक्षा म्हणताहेत.

"कौनसा पढ़ते चाचा? तेलुगू, हिंदी, इंग्लिश?" तपासणाऱ्या माधवीने विचारलं.

"तेलुगू," मास्तर ताठ बसून म्हणाले.

तेजश्री दचकली. डोळे धड होते तेव्हाही आजोबांना बसवरची तेलुगू पाटी तीच वाचून दाखवत असे.

पण मास्तर सुरू झाले होते. र, ग, ठ, ल... पाढे म्हणावेत तसे. शेवटची ओळ तर माधवीची पट्टी तिथे पोचायच्या आतच म्हणून मोकळे.

"मेरेसे अच्छी नजर है आपकी," माधवी म्हणाली आणि तिने फॉर्मवर शिक्का मारला.

मास्तर बाहेर आले ते पहिला नंबर काढल्यासारखे. "काय लिहिलंय, वाच."

"मदतीची गरज नाही," तेजश्रीने वाचलं.

"म्हणजे लेझर?"

"नाही मिळणार, आजोबा."

मास्तरांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "इतकी माणसं बसली होती गं. सगळ्यांसमोर 'वाचता येत नाही' म्हणायचं... जमलंच नाही मला."

तेजश्री आत गेली. "अक्का, मेरे आजोबा को तेलुगू पढ़ने आताच नहीं. सुन सुन के याद कर लिये."

माधवीला हसू फुटलं. मग तिने दाराबाहेर पाहिलं. मास्तर भिंत चाचपत खुर्ची शोधत होते. तिचं हसू विरलं. तिने जुना फॉर्म फाडला, नवा दिला. "अबकी हिंदी का पढ़ाती मैं. मगर लाइन में फिर से बैठना पड़ता."

रांगेत आता सतरा माणसं होती. मास्तर मुकाट्याने शेवटच्या खुर्चीवर बसले. आतून कुणीतरी वाचू लागलं, "म, क, प..." हिंदी तक्ता होता. मास्तरांचे ओठ हलू लागले.

तेजश्री उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही तळहातांनी आजोबांचे कान गच्च झाकले.