डचेसची योग्य वेळ

"चहाला उकळी यायच्या आत डचेस उभी राहील, कामाला लागेल आणि शत्रूला तिचा श्वाससुद्धा ऐकू येणार नाही!" सार्जंट ग्लेंडन स्प्रॅटने मेजरसाहेबांच्या टेबलावर मूठ आपटली. "नाही जमलं तर मला खुशाल भांडारात ब्लँकेटं मोजायला पाठवा!"

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज होती का? मुळीच नव्हती. पण तंबूत सगळी पलटण ऐकत उभी होती, आणि चार माणसं ऐकत असली की ग्लेंडनची जीभ त्याच्या ताब्यात राहत नसे.

मेजर ऑर्मरॉड गालातल्या गालात हसले. "आणि जमलं तर?"

"तर सिग्नल शाळेतली शिक्षकाची जागा माझी!"

"ठरलं," मेजर म्हणाले. "संध्याकाळी ब्रिगेडिअरबाई येताहेत. त्यांच्यासमोरच सही करीन. एकतर इकडची, नाहीतर तिकडची."

डचेस म्हणजे एक पेटी. पूर्वी सैन्याला कुठे जाऊन संदेशयंत्रणा उभी करायची म्हणजे एक ट्रक, एक उंच खांब आणि दिवसभर पुरतील एवढ्या शिव्या लागायच्या. डचेस दोघांनी उचलावी, झाकण उघडावं, की आतून छत्री वर येऊन थेट उपग्रहाशी बोलायला लागे. शिवाय तिला स्वतःची अक्कल होती. कुठला निरोप कुणाला, केव्हा आणि किती महत्त्वाचा, हे तीच ठरवायची. जवळपास शत्रू कान लावून बसला असेल तर सगळे निरोप पोटात ठेवून गप्प बसायची आणि तो लांब गेला की एका दमात पाठवून द्यायची. शत्रू म्हणजे सरावापुरता शत्रू. पण यंदा शत्रूचं काम न्यूझीलंडवाल्यांकडे होतं! आपण ऑस्ट्रेलियावाले त्यांच्याकडून रग्बीत हरतो ते काय कमी आहे, की वर त्यांच्या हाती सापडायचं?

उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी, होडीने ग्लेंडनला आणि कॉर्पोरल जोसी टॅमवॉयला सोडलं. निघताना जोसी म्हणाली होती, "सार्जंट, जुना वायरलेस पण घेऊ या का? असावा बरोबर."

"नवी नवरी आणायला निघालोय आपण! जुनीला बरोबर कशाला?"

"तुम्हाला एक मिळाली हेच नशीब समजा," जोसी म्हणाली. वायरलेस मात्र मागेच राहिला.

डचेस खरोखरच चहाच्या आधी उभी राहिली. भरतीचं पाणी पोचणार नाही अशा शिंपल्यांच्या उंचवट्यावर छत्री उघडून ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार. मी तयार आहे. शत्रूची होडी जवळ फिरत आहे. मी गप्प राहते."

"बघ! बघ!" ग्लेंडनची छाती गणवेशात मावेना. दोघं आपापला चहाचा मग आणि खिशातले बोलके, म्हणजे छोटे वॉकीटॉकी, घेऊन तिवराच्या सावलीत जाऊन बसले. त्या बोलक्यांतलं सगळं बोलणं डचेसमार्फतच पुढे जायचं.

एवढ्यात खाडीतलं एक लाकूड चालत किनाऱ्यावर आलं.

ग्लेंडन होता ब्रोकन हिलचा, म्हणजे जिथे नदीसुद्धा कोरडी असते तिथला. त्याला क्षणभर खरंच लाकूडच वाटलं. मग लाकडाने डोळे उघडले. जोसीने हातातला मग टाकला आणि ती झाडावर गेली. ग्लेंडन नेमका केव्हा चढला ते त्याला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की तो वर होता, खाली ती मगर होती आणि मगरीचं शेपूट अजून पाण्यातून यायचंच होतं.

मगर सावकाश उंचवट्यावर चढली. डचेसचं अंग सतत चालू राहून ऊबदार झालं होतं. मगरीने तिच्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले. उशीच मिळाली जणू!

"तू तर थर्सडे बेटावरची," ग्लेंडन कुजबुजला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तुला मगरींची सवय असेल ना?"

"सवय आहे म्हणूनच तुमच्या वरच्या फांदीवर बसलेय, सार्जंट."

ग्लेंडनने बोलका तोंडाशी धरला. सरावात एक शब्द असतो, 'नो डफ'. म्हणजे हा खेळ नाही, हे खरं संकट आहे. तो शब्द आला की बंदुका, होड्या, विमानं, सगळं थांबतं आणि मदत निघते. पोरखेळ म्हणून तो शब्द कुणी उच्चारत नाही.

"नो डफ! नो डफ! मगर आलीय! लगेच होडी पाठवा!"

"आपला निरोप मिळाला," डचेस गोड आवाजात म्हणाली. "शत्रू जवळ आहे. योग्य वेळी पाठवते."

"अगं बाई, खरं संकट आहे! नो डफ!"

"शत्रूही हे शब्द वापरून फसवू शकतो. आपण खरोखर सार्जंट स्प्रॅट आहात याची खात्री करण्यासाठी कृपया माझ्या झाकणावर अंगठा ठेवा."

झाकणावर मगरीची हनुवटी होती.

"जा," वरून जोसी म्हणाली. "ठेवा अंगठा."

"तुझाही चालेल ना!"

"मी फक्त कॉर्पोरल आहे. हे मोठ्यांचं काम."

आवाजाने मगरीने एक डोळा उघडला. पिवळा, थंड, अजिबात घाई नसलेला डोळा. ग्लेंडनला खरी भीती वाटली ती तेव्हा. दात बघून वाटली नव्हती एवढी. हिला कुठे जायचं नाहीये, ही थांबू शकते, हे त्याला कळलं आणि त्याने फांदीला मिठी मारली. खाली झाडाच्या मुळांवर पाण्याची एक जीभ आली, परत गेली, पुन्हा आली ती आणखी वर.

"जोसी, पाणी वाढतंय का गं?"

"भरती आहे."

"कुठपर्यंत येते?"

जोसीने खोडावरची चिखलाची ओली रेघ दाखवली. रेघ ग्लेंडनच्या बुटांच्या वर होती. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "सार्जंट, मला खरंच भीती वाटतेय. काहीतरी करा हो."

मग ग्लेंडनने जे काही करता येत होतं ते केलं, म्हणजे बोलला. बोलक्यात ओरडला, विनवण्या केल्या, रडला, मेजरसाहेबांच्या खानदानाचा उद्धार केला, बायकोचा निरोप घेतला. काय काय बोलला त्याचं त्याला भान नव्हतं. दर वेळी डचेस तेवढ्याच गोडव्याने म्हणायची, "आपला निरोप सुरक्षित आहे. योग्य वेळी पाठवते."

"ही योग्य वेळ येणार कधी?" तो किंचाळला.

"शत्रू लांब गेल्यावर."

तेवढ्यात शत्रूच आला! खाडीच्या वळणावरून न्यूझीलंडवाल्यांची होडी फटफटत आली. ग्लेंडनच्या मनात एका क्षणात सगळं येऊन गेलं. सापडलो की पैज हरलो, शिक्षकाची जागा गेली, ब्लँकेटं आली. मग पाण्याची जीभ त्याच्या टाचेला लागली.

"वाचवा!" तो झाडावरून ओरडला. "इकडे! आम्ही इथे लपलोय!"

होडीतल्या दाढीवाल्या सार्जंट तामातीने इंजिन बंद केलं. "लपलेला माणूस स्वतःच ओरडतोय? सापळा आहे रे! वळवा होडी!"

"सापळा नाही, भावा! शरण आलोय! शपथेवर शरण!"

"ऑस्ट्रेलियावाला, आणि शरण? मग तर नक्कीच सापळा!" होडी खरोखरच वळायला लागली.

"थांबा!" ग्लेंडनने डोळे मिटले. पूर्वजांची मनातल्या मनात माफी मागितली. "रग्बीत तुम्ही आमच्यापेक्षा भारी आहात! कायमच होतात!"

होडी वळता वळता थांबली.

"जिवावर बेतल्याशिवाय हे कुणी बोलणार नाही," तामाती म्हणाला. "चला रे, घ्या त्यांना."

होडी झाडाच्या दुसऱ्या अंगाने आली. ग्लेंडन तिच्यात उतरला नाही, पडला. जोसी त्याच्यावर पडली. तामातीने विचारलं, "आता तुमची ती पेटी कुठाय?" ग्लेंडनने बोटाने दाखवली. तामातीने उंचवट्याकडे बघितलं. मगरीने त्याच्याकडे बघितलं.

"कुठली पेटी?" तामाती म्हणाला. "आम्हाला तर काही दिसली नाही. मारा इंजिन!"

संध्याकाळी मुख्य तंबूत ग्लेंडन अंगावर टॉवेल गुंडाळून उभा होता. ब्रिगेडिअर हॅलोरनबाई आल्या होत्या. तामातीने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "माणसं सापडली, मॅडम. पेटीचा काही पत्ता लागला नाही. दिवसभर आमचं यंत्र कान लावून होतं. एक चकार शब्द बाहेर आला नाही."

"एकही नाही?" बाईंचे डोळे चमकले. "दिवसभर? शाब्बास! ऑर्मरॉड, हे फारच नामी काम झालं."

मेजरसाहेबांनी नाइलाजाने हात पुढे केला. "स्प्रॅट, कबूल करतो. जिंकलास." त्यांनी पेन काढलं आणि शिक्षकाच्या नेमणुकीचा कागद पुढे ओढला. ग्लेंडन छाती काढून उभा राहिला. त्याने जोसीकडे बघून डोळा मिचकावला. जोसीचा चेहरा मात्र पांढरा पडत चालला होता.

"सार्जंट," ती पुटपुटली, "न्यूझीलंडची होडी आता खाडीत नाही ना?"

"नाही. ती मंडळी सगळी इथेच तर आलीय."

"म्हणजे शत्रू लांब गेला."

कोपऱ्यातला मोठा भोंगा खरखरला. "नमस्कार," डचेस गोड आवाजात म्हणाली. "योग्य वेळ आली आहे. सार्जंट स्प्रॅट यांचे निरोप महत्त्वानुसार पाठवते. मगरीबद्दलचे निरोप स्थानिक प्राणिजीवन या सदरात मोडतात, ते शेवटी येतील."

"बंद करा तो भोंगा!" ग्लेंडन झेपावला. टॉवेल निसटला. तो टॉवेल धरायला वळला, आणि तेवढ्या वेळात तंबूभर त्याचाच रडका आवाज घुमला.

"ऑर्मरॉड साहेब! तुम्हीच आम्हाला इथे मरायला पाठवलंत! तुमच्या मिश्यांना आग लागो! नाही नाही, चुकलो, साहेब! नको मला शिक्षकाची जागा! मला ब्लँकेटंच मोजायला पाठवा! जन्मभर मोजीन! आनंदाने मोजीन! मी विनंती करतो, साहेब, हात जोडतो!"

ब्रिगेडिअरबाई तंबूच्या छताकडे बघत राहिल्या. तामाती खोकल्याचा बहाणा करून बाहेर पळाला. मेजर ऑर्मरॉड यांनी एकदा मिश्यांवरून हात फिरवला, पेनाला टोपण लावलं आणि टेबलावरचा बोलका उचलला.

"डचेस, मेजर ऑर्मरॉड बोलतोय. निरोप मिळाला. विनंती मान्य."

"आभारी आहे," डचेस म्हणाली. "सार्जंट स्प्रॅट यांना योग्य वेळी कळवते."