एका 'हं'ची विभागीय चौकशी

आवक-जावक विभागाच्या कारकुनाने दिनांक सहा रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, पाण्याच्या टाकीजवळ, 'हं' असा उद्गार काढला, ही बाब निर्विवाद आहे. वाद एवढाच, की त्या 'हं'चा अर्थ काय.

सवय घरून लागलेली. अर्धांगवायू झाल्यापासून वडिलांचे शब्द अर्धेच उमटत. मुलाने 'हं' म्हटलं की म्हाताऱ्याला वाक्य पुरं झाल्याचं समाधान मिळे. कचेरीतही तो सगळ्यांचं ऐकून घेई. थोरल्या साहेबांची माणसं धाकट्या साहेबांवर तोंडसुख घेत, तेव्हा 'हं'. धाकट्यांची माणसं थोरल्यांची उणीदुणी काढत, तेव्हाही तोच. त्यामुळे दोन्ही गट त्याला आपला मानत.

सहा तारखेला कुणीसं म्हणालं, "थोरले आता थकले, नाही का?" कारकून 'हं' म्हणाला. तो 'हं' जिना चढून थोरल्या साहेबांपर्यंत पोचेतो चांगला लांबलचक झाला होता. त्रिसदस्यीय समिती बसली.

"ऱ्हस्व होता की दीर्घ?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, नुसता हं. ऐकतोय, एवढंच."

"म्हणजे ऐकत होतात. कबुली लिहून घ्या. शेवट वर गेला होता की खाली? वर गेला तर शंका, खाली आला तर अनुमोदन."

"तोंडात पाणी होतं, साहेब. लक्षात नाही."

"म्हणजे पुरावा गिळलात."

नमुन्यादाखल त्याच्याकडून तीन 'हं' करवून घेतले. पहिला उद्धट ठरला, दुसरा लबाड. तिसरा हुबेहूब अध्यक्षांसारखा आला, तेव्हा प्रकरण गंभीर असल्याबद्दल एकमत झालं आणि दूरच्या गोदामावर बदली सुचवण्यात आली.

"बदली नको, साहेब," कारकून म्हणाला. "वडिलांना कूस बदलून द्यायला मी एकटाच आहे. तसेच उताणे पडून राहिले की पाठ सोलवटते."

"आम्हालाही वाईट वाटतं हो," अध्यक्ष म्हणाले, आणि वाईट वाटल्याची नोंद करवून घेतली.

नियमानुसार कर्मचाऱ्यांचं मत घेणं आवश्यक होतं. सगळे दालनात जमले. त्याच्या मांडीला मांडी लावून अकरा वर्षं डबा खाल्लेल्या टंकलेखक अक्काही होत्या. म्हाताऱ्याच्या पाठीला लावायचं मलम त्यांनीच सुचवलेलं.

"बदली योग्यच आहे. बरोबर ना?" अध्यक्षांनी विचारलं.

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दोन्ही गटांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या घशातून एकदमच आलं, "हं."

या 'हं'चा अर्थ लावण्याची गरज समितीला भासली नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

वाचकहो, तुम्ही त्या दालनात नव्हतात, मान्य. पण 'असंच चालतं, आपण काय करणार' असं वाटून आत्ता जो बारीकसा आवाज तुमच्या घशातून निघाला, तोही इतिवृत्तात घेतला आहे. सहमती म्हणून.