हवेचा ज्येष्ठताक्रम

ज्ञानकोशाच्या कचेरीतली हवा साफ करण्याचा निर्णय खोकल्यामुळे झाला नाही, शिंकेमुळे झाला. खोकला मुख्य संपादकांचा होता, जुना होता आणि ऐकून ऐकून सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. शिंक पाहणी समितीच्या अध्यक्षांची होती. पहिल्या भेटीत, संचालकांच्या खोलीत बसल्या बसल्या, त्यांना ती आली. त्यांनी मान वर करून एसीच्या जाळीकडे पाहिले. जाळीच्या पट्ट्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जळमटांनीही बहुधा त्यांच्याकडे पाहिले असावे. समितीची दुसरी भेट ज्या दिवशी होणार होती त्या दिवशी सकाळीच एसीचा डक्ट, म्हणजे हवा खोलोखोली नेणारी छतातली पत्र्याची नळी, साफ करणारा ठेकेदार दारात उभा होता.

सहसंपादक बाईंनी याच कामासाठी इतके अर्ज केले होते की, 'अर्ज' ही नोंद लिहायची वेळ आली तेव्हा त्यांना एकही संदर्भग्रंथ उघडावा लागला नाही. आपल्या अर्जांनी जे साधले नाही ते एका परक्या नाकाने साधले, याचा त्यांना राग आला नाही. राग यायला आधी अपेक्षा असावी लागते.

मुख्य संपादकांना सगळी कचेरी अण्णा म्हणे. निवृत्तीचे वय केव्हाच मागे टाकून, शेवटच्या खंडापुरते ते मुदतवाढीवर होते. त्यांची खोली व्हरांड्याच्या पार टोकाला, म्हणजेच डक्टच्याही शेपटाला. साऱ्या इमारतीने टाकलेला श्वास फिरून फिरून त्यांच्या टेबलावर येऊन बसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, एक तर ती हवा बदला, नाहीतर तो माणूस तिथून हलवा. संचालकांना दुसरा उपाय सोपा वाटला. अण्णा हलले की शेवटचा खंड आहे तिथेच 'समाप्त' म्हणून बांधता येणार होता. कारण अण्णांचे एक विचित्र होते. नोंद खरी आहे अशी खात्री पटेपर्यंत ते ती हातची सोडत नसत, आणि एकदा खात्री पटली की अडवत नसत, मग ती नोंद कुणाचीही असो. ज्या विद्वानाने त्यांना छापून शिव्या घातल्या होत्या त्याच्या निधनानंतर त्याची नोंद अण्णांनी स्वतः लिहिली. त्यातली स्तुतीची एक ओळही त्यांनी कापू दिली नाही. "खरं आहे ना? मग जाऊ दे," एवढेच म्हणाले.

अण्णांना कार्यमुक्त करण्याचा आदेश त्या सकाळी टंकून, फक्त सहीपुरता थांबला होता. 'मुख्य संपादकांच्या खोलीतील हवा श्वसनास अयोग्य असल्याने त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव कार्यमुक्त करण्यात येत आहे.' बाईंचा हिशेब सरळ होता. खोली आज साफ झाली की आदेशाचा पायच मोडला.

ठेकेदार गोलमटोल आणि गोडबोल्या होता. कुठल्याही प्रश्नाला 'नाही' म्हणायचे नाही, हे त्याच्या धंद्याचे खरे भांडवल होते.

"साहेब, धूळ ओढायचं मशिन इथं एसीच्या प्लँटपाशी लावतो," तो संचालकांना म्हणाला. "आधी सगळ्या जाळ्यांना प्लास्टिक चिकटवायचं. मग पार शेवटच्या खोलीपासून हवेचा फटका मारत यायचं आणि सगळी धूळ इकडं ओढून घ्यायची."

"इथं? माझ्या भिंतीला?" संचालक म्हणाले. "समिती पलीकडं हॉलमध्ये बसणार, आणि तुमची ही घरघर इकडं चालू?"

"मग तिकडच्या टोकाला लावू की. त्यात काय!"

"आणि आख्ख्या इमारतीला एकदम पट्ट्या बांधणार? दवाखाना वाटेल तो. ज्या खोलीची पाळी, तिचीच जाळी बंद करा. पण साफ झालेल्या खोलीची जाळी मात्र बंदच ठेवा. परत धूळ आलेली मला चालणार नाही."

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

"आणि हे शेवटच्या खोलीपासून म्हणजे काय?"

इथे प्रशासन सांभाळणारे मोठे बाबू पुढे सरसावले. नियम हा त्यांचा विषय होता. नियमाच्या पलीकडे जग असते, हे त्यांनी ऐकले होते, पण त्याला आधार सापडला नव्हता. "बरोबर आहे साहेबांचं," ते म्हणाले. "या कचेरीत खुर्च्या, कपाटं, पडदे, सगळं ज्येष्ठतेनुसार मिळतं. मग हवा काय आभाळातून पडलीये?"

"अहो, पण मशिन त्या टोकाला आणि सुरुवात या टोकाला," बाई म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येकाची धूळ पुढच्याच्या डोक्यावर."

"मशिन ओढतंय ना," ठेकेदार म्हणाला. त्याने बाईंकडेही तितक्याच प्रेमाने पाहिले. "तसं मॅडमचंही बरोबर आहे."

"बरं, ज्येष्ठतेनुसारच करायचं ना? मग अण्णांची खोली पहिली. त्यांच्याइतकं जुनं इथं कोण आहे?"

मोठ्या बाबूंनी चष्मा पुसला. "मुदतवाढीवरच्या माणसाला ज्येष्ठता नसते, बाई. वय असतं."

अशा रीतीने हवेचा ज्येष्ठताक्रम ठरला. ज्या संस्थेने 'वायू' या विषयावर दोन स्तंभांची निर्दोष नोंद प्रसिद्ध केली होती, तिथे वायू कुठल्या बाजूने वाहतो हे ठरवण्याचा अधिकार प्रशासन शाखेकडे गेला, आणि ते कुणालाही वावगे वाटले नाही.

अंगणात ट्रकवर हवा फुंकणारा डिझेलचा कॉम्प्रेसर धडधडू लागला. त्याची नळी खिडकीतून आत आली. नळीच्या टोकाला रबराचे चाबकासारखे फटकारे होते. ते डक्टमध्ये शिरून पत्र्यावर आपटू लागले तसा छतातून असा आवाज येऊ लागला की जणू कुणीतरी वर कोंडलेल्या माणसाला बडवते आहे. व्हरांड्याच्या टोकाला, अण्णांच्या दारासमोर, धूळ ओढणारे अवाढव्य मशिन विजेवर गुरगुरत होते. संचालकांची खोली झाली. तिच्या जाळीवर प्लास्टिक ताणून बसले. मग उपसंचालक, मग ग्रंथालय, मग एकेक विभाग.

मशिन ओढत होते हे खरे, पण वाटेतल्या उघड्या जाळ्यांना ते कुणी कळवले नव्हते. इतिहास विभागाची धूळ भूगोलावर पडली, भूगोलाची विज्ञानावर, आणि विज्ञानाने ती दोघांची मिळून ललितकलांकडे सोडली. माणसे चिडली, पण वरच्या खोलीवर चिडायची पद्धत नसल्याने सगळे खालच्या खोलीकडे पाहून सुस्कारे टाकू लागले.

"आमची पाळी कधी?" ललितकलांनी व्हरांड्यात येऊन विचारले.

"विज्ञान झालं की," ठेकेदाराने धीर दिला. "तोवर पंखा लावा ना. धूळ पुढं जाईल."

ही त्याची सूचना विलक्षण लोकप्रिय झाली. ज्याला जिथे मिळेल तिथून टेबलपंखे आले. कुणी कपाटावरून काढले, कुणी घरी फोन करून मागवले, आणि ते सगळे व्हरांड्यातल्या त्याच एका लाइनवर जोडले गेले, जिच्यावर मशिन चालले होते.

बाई अण्णांच्या खोलीत शिरल्या तेव्हा अण्णा नाकावर रुमाल धरून, दुसऱ्या हाताने प्रुफे तपासत होते. टेबलावर साय धरावी तशी धूळ धरली होती. त्यांच्या जाळीची पाळी सगळ्यांत शेवटी होती, म्हणून तिला अजून प्लास्टिक नव्हते.

"अण्णा, उठा."

"कुठं?"

"साहेबांच्या खोलीत. साहेब समितीपाशी आहेत. इमारतीत सध्या तेवढी एकच जागा धड आहे."

"अहो, तिथं मला कोण बसू देईल?"

"मी बसवते. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

"आणि हे प्रूफ? शेवटून दुसरी नोंद आहे, बाई. आज संपली असती."

"आणते मी. तुम्ही आधी श्वास घ्या, मग नोंद घ्या."

अण्णा हसले आणि त्या हसण्याचा लगेच खोकला झाला. भिंतीला धरत, थांबत थांबत, त्यांनी तो व्हरांडा पार केला. वाटेत मोठे बाबू भेटले. त्यांनी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात तोंडात धूळ गेली आणि हरकत राहून गेली.

इकडे हॉलमध्ये समितीच्या अध्यक्षांनी संचालकांना सहज विचारले, "मुदतवाढीचं ते प्रकरण मिटलं का?" संचालक उठले. असली कामे शिपायाकरवी करू नयेत, आपण स्वतः जाऊन, खांद्यावर हात ठेवून करावीत, असे त्यांचे मत होते. त्यामुळे माणूस आयुष्यातून उठला तरी आभार मानून उठतो. आदेश हातात घेऊन ते अण्णांच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती. आता येतीलच, या हिशेबाने ते अण्णांच्या खुर्चीत, बरोबर जाळीखाली बसले आणि व्हरांड्यातला आवाज नको म्हणून दार लावून घेतले. सोबत आलेले मोठे बाबू बाहेर थांबले; अण्णा कुठे आहेत हे त्यांना कुणी रीतसर विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितलेही नाही.

त्याच सुमारास पाळी येऊन जाळी बंद झालेल्या ललितकला विभागाने, खोलीत उरलेली धूळ घालवायला, आपला दुसरा पंखा लावला. व्हरांड्यातली लाइन बसली. दिवे गेले, पंखे गेले, आणि धूळ ओढणारे मशिन एक दीर्घ उसासा टाकून बंद पडले. अंगणातला कॉम्प्रेसर मात्र डिझेलवर होता, त्याला विजेच्या सुखदुःखाशी कर्तव्य नव्हते. तो फुंकत राहिला. वरच्या साऱ्या जाळ्या, साफ झाल्याच्या अभिमानाने, प्लास्टिकखाली बंद होत्या. कित्येक खंडांच्या काळात साठलेली त्या इमारतीची सगळी धूळ एकच उघडे तोंड शोधत निघाली, आणि ते तिला सापडले.

"अहो, बंद करा! कॉम्प्रेसर बंद करा!" बाई खिडकीतून ओरडल्या.

"करतो, मॅडम!" ठेकेदार ओरडला. मग अदबीने विचारता झाला, "पण साहेबांना विचारायला नको का?"

संचालकांनी आयुष्यात अनेकांना धूळ चारली होती. तिची चव त्यांना प्रथमच कळत होती. दार उघडून त्यांना बाहेर आणले तेव्हा त्यांचे डोळे तेवढे ओळखीचे वाटले. छातीतून करवतीसारखा आवाज येत होता. त्यांना गाडीत घातले आणि गाडी दवाखान्याकडे गेली. ती वेळेवर पोचली, असे नंतर कळले. कर्मचारी खोकत खोकत अंगणात जमले आणि तिथून, आज आता काही काम होत नाही असे एकमताने ठरवून, फाटकाबाहेर गेले. समिती हॉलची दारे लावून आत बसली. तिला अहवाल लिहायचा होता, आणि अहवालासाठी बाहेर पाहण्याची गरज नव्हती.

वीज परत आली. ठेकेदाराने घाईने पहिले प्लास्टिक काढले ते अर्थातच संचालकांच्या खोलीतले. एसी सुरू झाला आणि स्वच्छ, गार हवा खाली उतरली. अण्णा संचालकांच्या खुर्चीत बसले होते. दुसरी खुर्ची समितीसाठी हॉलमध्ये गेली होती.

मोठे बाबू आत आले. अंगभर राखेसारखी धूळ, हातात झटकून स्वच्छ केलेला आदेश.

"सही हवी होती," ते म्हणाले. "समितीला आजच दाखवायचाय. साहेबांची राहून गेली."

"कुणाची सही?" बाईंनी विचारले.

"प्रभारींची. म्हणजे अण्णांची."

"बाबू, सकाळीच तुम्ही म्हणालात ना, यांना ज्येष्ठता नाही म्हणून?"

"ज्येष्ठता नाहीच. प्रभाराचा नियम निराळा. इमारतीत हजर असलेल्यांत ज्याची सेवा सगळ्यांत जुनी, तो प्रभारी. माझं काय आहे, बाई? नियम मी केले नाहीत. मी फक्त त्यांच्याखाली राहतो."

बाईंच्या डोळ्यांपुढे एकदम दार उघडल्यासारखे झाले. त्या अण्णांकडे वळल्या. "मग सोपंच आहे की! अण्णा, सही करू नका. तुमच्या हातात आहे सगळं. शेरा मारा, फेटाळला म्हणून."

अण्णांनी कागद जवळ घेतला. कुठलीही नोंद वाचत तसे ते तो सावकाश, बोट ठेवून वाचत गेले.

"सकाळी वाचला असता तर परत पाठवला असता," ते म्हणाले. "सकाळी त्या खोलीत मी श्वास घेत होतो. अयोग्य म्हणणं ही अतिशयोक्ती झाली असती. काय हो बाबू, आता कशी आहे खोली?"

"आत जाता येत नाही," मोठे बाबू म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी खाली पाहिले.

"म्हणजे मजकूर खरा आहे."

"अण्णा, खोली साफ करता येते!" बाईंचा आवाज चिरकला. "उद्या करू. मी स्वतः करीन, फडकं घेऊन!"

"केलीत की उद्या तशी नोंद करा. उद्याचं खरं आज लिहिता येत नाही, बाई. एवढी वर्षं हेच तर सांगत आलो सगळ्यांना. स्वतःच्या बाबतीत निराळं कसं करू?"

"आणि ती राहिलेली नोंद?"

"ती तुम्ही कराल. माझ्यापेक्षा लवकर कराल, आणि थोडी चुकीची. चालतं तेही."

त्यांनी सही केली. मोठ्या बाबूंनी कागद घेतला, घडी घातली आणि ते हॉलकडे निघून गेले. अण्णांनी पेनाचे टोपण लावले, डोळे मिटले आणि एक खोल श्वास घेतला. बाई खोकल्याची वाट पाहत राहिल्या. खोकला आला नाही.

"हवा छान आहे हो इथली," अण्णा म्हणाले.

आणि मग, खुर्चीचे हात धरून, ते उठले. कार्यमुक्त माणसाला त्या खुर्चीत बसता येत नाही, हेही खरेच होते.