उपकरणासोबत हरवलेल्या वस्तू

आमच्या गावात मोबाईल किंवा टॅबलेट हरवला की आजूबाजूच्या वायफायना साक्षीला बोलावतात. त्यासाठी बाजारामागच्या जुन्या गोदामात वेगळा शोध कक्ष आहे. वायफाय वायरीने येतात, वायरीनेच परत जातात, आणि दिलेल्या वेळेला हजर असतात, जे आमच्या गावात माणसांना कधी जमलेलं नाही. तीन साक्षी लागतात. शेवटी ज्या वायफायच्या जवळ उपकरण होतं, त्याचा रजिस्टरमधला पत्ता तोच उपकरणाचा पत्ता धरतात. मग तिथे जाऊन पंचनामा करायचा, सही करायची आणि आपली वस्तू घेऊन घरी यायचं. शेजारच्या कानडे वहिनींचा फोन असाच दीड दिवसात मिळाला होता.

मंगळवारी सकाळी आमचे हे टॅबलेट काखेत मारून घराबाहेर पडले आणि परत आले नाहीत. यांचं नाव पुंडलिक रेडेकर, वय चौऱ्याहत्तर. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात सगळी नोकरी गेली. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. जेवलेलं विसरायचे, माझं नाव विसरायचे, पण कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते ते पक्कं ठाऊक. मुलीने टॅबलेट दिला होता, बिनसिमकार्डाचा. त्यावर गाड्यांचे व्हिडिओ लावून बसायचे आणि गाडी दिसली की खणखणीत आवाजात पुकारायचे. मंगळवारी पहाटे पाचला सुरू झाले. नऊपर्यंत मी सोसलं, मग माझं डोकं उठलं आणि मी घरचा वायफाय बंद केला. "आता बसा गप्प," असं म्हणाले मी. हेच शब्द.

टॅबलेटवरच्या वायफायच्या काड्या गेल्या की त्या शोधत फिरायची यांना सवय. आधी घरभर, मग अंगणभर. मी कणीक मळत होते. फाटक वाजलेलं मला ऐकू आलं होतं. मेलं उठावंसं वाटलं नाही.

पोलीस चौकीतले हवालदार चांगले होते बिचारे. म्हणाले, "काकू, काकांना आम्ही शोधतोच आहोत. पण माणसाला सिग्नल नसतो. टॅबलेट बरोबर आहे ना? मग तुम्ही कक्षात जा, तिकडे लवकर होईल."

कक्षात हेबाळकर नावाचे कारकून आहेत. शांत माणूस. त्यांनी अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता: उपकरणासोबत हरवलेल्या वस्तू.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

"कव्हर असेल तर कव्हर, चार्जर असेल तर चार्जर."

"आणि नवरा?"

"तोही त्याच रकान्यात," हेबाळकर म्हणाले. "स्वल्पविराम देऊन."

मी लिहिलं. कव्हर, नवरा. कव्हर मीच शिवलेलं होतं, जुन्या पडद्याचं.

"घरचा वायफाय काय सांगतो?"

"तो बंद होता."

"कोणी केला?"

"मी केला," मी म्हणाले. त्यांनी मान वर न करता तेही लिहून घेतलं, आणि मला वाटलं, आत्ता या गोदामाची फरशी दुभंगली तर किती बरं होईल.

शुक्रवारी सुनावणी झाली. पहिला साक्षीदार 'श्रीराम झेरॉक्स'. भारी बोलघेवडा. मंगळवारी सव्वादहाला टॅबलेट आपल्या दारात आला, आत घ्या म्हणाला, पासवर्ड मात्र त्याच्याकडे नव्हता, त्या दिवशी अशी सदतीस उपकरणं येऊन गेली, त्यातली नऊ तर रोजचीच फुकटी, असं त्याने पाणीसुद्धा न पिता सांगितलं.

"त्याच्याबरोबरचे गृहस्थ कसे होते? पायात चपला होत्या का हो?" मी विचारलं.

"माणसं आम्हाला दिसत नाहीत बाई. मध्ये माणूस आला की आमचा आवाज थोडा दबतो, तेवढंच कळतं."

"मग दबला होता?"

"दबला होता. कोणीतरी होतं."

कोणीतरी! पन्नास वर्षांचा संसार, आणि झेरॉक्सवाला म्हणतो कोणीतरी होतं.

दुसऱ्याचं नाव 'पासवर्ड विचारू नका'. पाटबंधारे वसाहतीतला. नावाप्रमाणे घुम्या. टॅबलेट दुपारी दोन ते तीन त्याच्या कुंपणापाशी होता. एका तासात एकशे बारा वेळा आत घ्या म्हणाला.

"मग घ्यायचंस ना रे आत!" मी ओरडलेच. "एकदा आत घेतला असतास तर गाडीचा व्हिडिओ लागला असता आणि हे तिथेच बसून राहिले असते. दोन मिनिटांचं काम होतं."

"मालकांनी नाही सांगितलंय."

"अरे, म्हातारा माणूस उन्हात उभा होता!"

"ते मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला एवढंच माहीत होतं की पासवर्ड चुकीचा आहे. एकदा तर 'फलाट चार' असा आला होता."

हेबाळकरांनी मला पाण्याचा पेला दिला. साक्षीदाराशी वाद घालता येत नाही, असं त्यांनी मला समजावलं, आणि तिसऱ्याला बोलावलं.

तिसऱ्याचं नाव 'प्रभाकर सदन'. आवाज म्हातारा. तो म्हणाला, "संध्याकाळी सहाला आला. अगदी माझ्याजवळ. मला जुन्या पद्धतीप्रमाणे पासवर्डच नाही, म्हणून मी आत घेतला. सहा चाळीसपर्यंत त्याने एका गाडीचा व्हिडिओ बघितला. मग त्याची बॅटरी संपली."

माझ्या जिवात जीव आला. कोणीतरी आत घेतलं होतं यांना. व्हिडिओ लागला होता, म्हणजे पुकारलंसुद्धा असेल. हेबाळकरांनी रजिस्टर उघडून पत्ता वाचला: शिकलगार गल्ली, घर क्रमांक बारा.

"ते माझं जुनं घर," प्रभाकर सदन म्हणाला. "तिथून मला हलवलं."

"कुठे?"

"माहीत नाही. खोक्यात घालून नेलं आणि दुसरीकडे लावलं. पूर्वी मला शेजारचे अकरा वायफाय ऐकू यायचे. आता एकही येत नाही."

"इथे आलात ना तुम्ही? तशीच वाट सांगा की मला, मी चालत जाते."

"वायरीतून काही दिसत नाही बाई."

मी खुर्चीवरून उठून त्याच्यापाशी, म्हणजे वायर येते त्या भिंतीतल्या खोबणीपाशी गेले. विचारू नये ते विचारलं. "बॅटरी संपल्यावर तुमचा आवाज मोकळा झाला का?"



"नाही," तो म्हणाला. "मंगळवारपासून दबलेलाच आहे. एकाच बाजूने."

"हलत नाही?"

"पहिल्या रात्री हलत होता."

हेबाळकरांनी मला धरून बसवलं. अहो, कोणाला तरी पाठवा, मालक शोधा, गाड्या सोडा, मी काय काय बोलले ते आठवत नाही. ते म्हणाले, "काकू, मालक शोधायला आपल्याकडे मालकाचा फोन हरवलेला लागतो. आणि मालकाने पत्ता बदलल्याचं कळवलेलं नाही. तोवर साक्षीदार शिकलगार गल्लीतच राहतो."

हवालदारांनाही मी सांगितलं. ते म्हणाले, कक्षाने पत्ता काढलाय म्हटल्यावर आम्हाला दुसरीकडे शोधता येणार नाही.

शनिवारी आम्ही शिकलगार गल्लीत गेलो. बारा नंबरचं घर पाडलेलं होतं. रिकामी जागा, थोडी खडी, एक मोडकी मोरी. समोरच्या बाईंना मी प्रभाकर सदनवाल्यांचं विचारलं. "टेम्पोत सामान भरलं आणि गेले. शेतावर घर बांधलंय म्हणत होते. कुठलं शेत, देव जाणे."

हेबाळकरांनी खडीवर उभं राहून पंचनामा वाचला. टॅबलेट एक, कव्हर एक, नवरा एक, वर्णनाप्रमाणे सुस्थितीत मिळाले. मग पेन पुढे केलं.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "इथे काय आहे? दाखवा मला."

"सही केली नाही तर प्रकरण तसंच पडून राहतं. काही करता येत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "सही केलीत तर वस्तू मिळाली. मिळालेली वस्तू पुन्हा हरवू शकते. पुन्हा हरवली की नवा अर्ज, नवे साक्षीदार. तेवढीच एक वाट आहे काकू. माझ्या सख्ख्या काकूला मी हेच सांगितलं असतं."

मी सही केली. यांना ताब्यात घेतल्याची सही. समोरच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "मिळाले का? बरं झालं हो, मला काळजीच लागली होती."

लगेच हेबाळकरांनी पिशवीतून कोरा अर्ज काढला आणि कागदाखाली धरायला आपली वही दिली. मी खडीवर बसून लिहायला घेतलं. कुठे हरवले: शिकलगार गल्ली, घर क्रमांक बारा. कधी हरवले: आज, दुपारी साडेबारा. मग शेवटचे रकाने आले, शेवटचे कोणी पाहिले, त्या वेळी अंगावर काय होतं, प्रकृती कशी होती.

"हे रिकामे ठेवले तर?"

"अर्ज घेत नाहीत," ते म्हणाले.

मी लिहिलं: मीच पाहिले. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात चपला. नुकतेच पोटभर जेवले होते. मला नावाने हाक मारली. बरे दिसत होते.