गादीने फोडलेलं बिंग

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. माझी शाळा आठवीत सुटली (सुटली म्हणजे मीच सोडली, शाळा अजून तिथंच आहे), त्यामुळे कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मी अंदाजाने ठरवतो. शब्दही साधेच आहेत. जड शब्द उचलायची मला सवय नाही. जड गाद्या उचलायची आहे, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला.

मी घरसामानाच्या एका मोठ्या दुकानात कामाला आहे. गोदामातून माल डोक्यावर घेऊन वर यायचं, तो मांडायचा, विकला गेला की गाडीत चढवायचा. पण लग्न ठरवताना माझ्या मामाने मुलीकडच्यांना सांगितलं, "मुलगा दुकानात मॅनेजर आहे." मी शेजारीच बसलो होतो. मला बोलायचं होतं, पण तोंडात बिस्कीट होतं. बिस्कीट संपेपर्यंत विषय बदलला, आणि लग्नाला चार महिने झाले तरी तो पुन्हा निघाला नाही.

मुळात मला समोरासमोर बोलताच येत नाही. गिऱ्हाईकाने "ही गादी कशी आहे?" असं विचारलं की माझे कान तापतात आणि मी "बरी आहे, तुम्ही कशा आहात?" असं काहीतरी म्हणून बसतो.

म्हणून दुकानात चकत्या आल्या तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. कोटाच्या बटणाएवढी पांढरी चकती, पाठीला गोंद. ती वस्तूला चिकटवायची. गिऱ्हाईकाने तिला मोबाईल टेकवला की स्क्रीनवर सगळं उघडतं: भाव, लांबी-रुंदी, आत कापूस की फोम, धुवायचं कसं. घ्यायचं ठरलं की काउंटरवरच्या मशीनला तोच मोबाईल टेकवायचा. टिंग! पैसे गेले. म्हणजे माणूस दुकानात शिरून गादी घेऊन बाहेर पडेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायला नको. असं जग कधीतरी यावं, म्हणून मी लहानपणापासून वाट बघत होतो.

आमच्या मॅनेजर बाई (या खऱ्या मॅनेजर) मला म्हणाल्या, "तुझं तोंड बंद असतं, म्हणजे लक्ष जागेवर असेल. चकत्यांत मजकूर तू भर. मोबाईलवर लिहायचं, चकतीला टेकवायचं, मग हे कुलूप दाबायचं."

"कुलूप कशाला, बाई?"

"एकदा दाबलं की मजकूर पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही. नाहीतर कुणीही येईल आणि भाव कमी करून जाईल."

"चुकलं तर?"

"चुकू नकोस. हे पाकीट घे, घरी सराव कर."

मी ते पाकीट घरी नेलं. एवढंच केलं. माणसं चोऱ्या करतात, दरोडे घालतात आणि सुखाने झोपतात. मी एक पाकीट घरी नेलं.

माझी बायको बेकरीत कामाला. ती पहाटे साडेपाचला जाते. मी दुकान बंद करून घरी येईपर्यंत तिचा डोळा लागलेला असतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि दोघांची भेट सोमवारी, सुट्टीच्या दिवशी. एका सोमवारी तिला टेकवायची युक्ती दाखवून मी फ्रिजच्या दाराला एक चकती चिकटवली आणि सरावासाठी, कुलूप न दाबता, लिहिलं, "दही संपलं." दुसऱ्या दिवशी मोबाईल टेकवला तर तिने पुसून लिहिलेलं, "आणलं." मग आमचा संसारच त्या चकतीवर सुरू झाला.

"तुझा शर्ट उसवला होता, शिवला."

"शिवलेला शर्ट छान वाटतो."

"शर्ट छान वाटतो की शिवणारी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. मी लिहिलं, "दोन्ही." लिहून झाल्यावर अर्धा तास फ्रिजकडे बघायची सोय नव्हती, इतका लाजलो.

मग एका शनिवारी तिचा निरोप आला, "बाबा उद्या येतायत. कंबर धरते म्हणून गादी घ्यायची आहे. तुझ्याच दुकानातून घेऊ. जावई मॅनेजर आहे हे त्यांनाही बघू दे."

माझे सासरे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तरी मला हात पुढे करावासा वाटतो. आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी फ्रिजवरची चकती काढली, ओट्यापाशी बसलो आणि लिहिलं, "मी मॅनेजर नाही. मी गाद्या उचलतो. मामा खोटं बोलले तेव्हा मी बिस्कीट खात होतो. रोज सांगायचं ठरवतो आणि रोज घाबरतो. तू मला सोडून जाऊ नकोस." आणि दुकानातल्या सवयीने कुलूप दाबलं.

आता हे पुसताही येईना. मी चकती खिशात टाकली. खिशात दुकानातल्या नव्या मालाच्या नऊ चकत्या होत्या. त्यात ही दहावी. सकाळी उठलो तेव्हा बायको गेली होती. कुठून कोण जाणे, अंगात धैर्य आलं. म्हटलं, वाचू दे, काय व्हायचं ते होवो. खिशात हात घातला, चकती काढली, फ्रिजला चिकटवली आणि मागे न बघता बाहेर पडलो. (आयुष्यात एकदाच शूरपणा केला. तोही न तपासता.)

दुकानात गेलो तर मोबाईल मेलेला. चार्जिंगला लावला. तेवढ्यात बाई ओरडल्या, "अरे, नवा माल उघडाच आहे! चकत्या कोण लावणार, मी?" तपासायला मोबाईल नाही. मी उरलेल्या नऊ चकत्या नऊ वस्तूंना एकेक करून लावून टाकल्या आणि म्हटलं, नंतर बघू.

नंतर म्हणजे रविवारची गर्दी. दुपारी एक आजोबा मला येऊन म्हणाले, "ही खुर्ची धुऊन सावलीत वाळत घालायची असं लिहिलंय. खुर्ची?"

मी म्हटलं, "तुम्ही कसे आहात?"

चार वाजता बायको आणि सासरे आले. बायको हसत होती. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे तिने वाचलं, आणि तरी हसते आहे! मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "फ्रिजवरचं वाचलंस ना?"

"वाचलं की! पण मला कळलं नाही रे. 'वजन चाळीस किलो, उचलायला दोन माणसं लागतील, ओलाव्यापासून दूर ठेवावे.' हे माझ्याबद्दल आहे का?"

ते कपाट होतं. कपाट फ्रिजवर, तर मग मी कुठे?

"काय झालं? चेहरा का असा?"

"काही नाही. तू बस. कुठे टेकू नकोस. म्हणजे टेक, पण मोबाईल टेकवू नकोस."

पण मोबाईल सासऱ्यांकडे होता. मुलाने नवा घेऊन दिलेला. दारातच बाईंनी त्यांना टेकवायची युक्ती दाखवली आणि झालं, त्यांना खेळणं मिळालं. एकेका वस्तूला मोबाईल टेकवायचे आणि शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचे.

"पडदा! सुती! लांबी सात फूट! वा!"

मी माझा मोबाईल उपटला आणि त्यांच्या पुढे पुढे धावायला लागलो. स्टुलाला टेकवला: उशी. उशीला टेकवला: आरसा. आरशाला टेकवला: चटई. चटईसाठी गुडघ्यांवर बसलो तर एका गिऱ्हाईक बाईंच्या पायाला मोबाईल टेकला. त्या किंचाळल्या.

मॅनेजर बाई धावत आल्या. "काय चाललंय तुझं?"

"तपासतोय, बाई."

"गिऱ्हाइकांना?"

बायको म्हणाली, "बाबा, बघा, किती धावपळ असते. मॅनेजर म्हटलं की आलंच."

बाईंनी भुवया वर केल्या. मी हात जोडले. त्यांना वाटलं, पगारवाढ मागतोय. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

तेवढ्यात सासरे एका मोठ्या गादीवर आडवे झाले. "कंबरेला बरी वाटते," म्हणाले, आणि झोपल्या झोपल्या हात लांब करून कोपऱ्यातल्या चकतीला मोबाईल टेकवला. मी तीन स्टुलं ओलांडून उडी मारली, पण उशीर झाला होता.

"मी मॅनेजर नाही!" सासरे खणखणीत आवाजात वाचू लागले. "मी गाद्या उचलतो. मामा खोटं बोलले तेव्हा मी बिस्कीट खात होतो..."

आजोबा खुर्ची सोडून ऐकायला आले. सासऱ्यांनी सगळं वाचलं, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं सांभाळून. "तू मला सोडून जाऊ नकोस" तर त्यांनी दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्म्यातून. मग उठून बसले आणि विचारलं, "ही कुठल्या कंपनीची गादी?"

मॅनेजर बाई म्हणाल्या, "कंपनी जाऊ दे. हे याचं अक्षर... म्हणजे सगळा मजकूर यानेच भरलाय."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. बायकोने बघितलं. मी गादीकडे बघितलं.

"हं," सासरे म्हणाले.

सासरे उठून काउंटरपाशी गेले. माणूस अवघडला की हाताला चाळा लागतो. त्यांनी समोरच्या मशीनला मोबाईल टेकवला. टिंग!

"यावर काय लिहिलंय? काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "गादी तुमची झाली. तुम्ही इतका वेळ झोपला होतात, मी भाव टाकून ठेवला होता."

"पण मी घ्यायचं ठरवलं नव्हतं!"

"चकती ओढली तर कापड फाटेल, मजकूर पुसता येणार नाही, आता ती गादी विकणार कुणाला हो मी?"

म्हणून ती गादी डोक्यावर घेऊन मी घरी निघालो. सासरे मागे. बायको बाजूने. अर्ध्या वाटेवर मी गादीखालून विचारलं, "रागावलीस?"

"गाद्या उचलतोस म्हणून? मी पोती उचलते पिठाची. त्याचं काय मेलं?"

"मग?"

"मला नवऱ्याने सांगितलं नाही. गादीने सांगितलं. भर दुकानात. बाबांच्या तोंडून! उद्या सुट्टी आहे. सकाळचा चहा व्हायच्या आत मला तुझ्या तोंडाने सांगायचं. चकती नाही, फ्रिज नाही. नाही जमलं तर मी बाबांबरोबर आठच्या गाडीने जाते."

"किती दिवसांसाठी?"

"तू बोलेपर्यंत."

ती बोलली की करते. त्या रात्री खोलीत सासऱ्यांसाठी जमिनीवर नवी गादी घातली, बायको पलंगावर, आणि मी स्वयंपाकघरात. डोळ्याला डोळा लागला नाही. ओट्याकडे बघून सगळं पाठ केलं.

सकाळी उजाडता उजाडता मी पाय न वाजवता खोलीत गेलो. पडदे ओढलेले, अंधुक दिसत होतं. जमिनीवरच्या गादीवर पांघरुणाचा ढीग होता, सासरे काही दिसेनात. पण ती गादी इतकी मऊ, की म्हटलं आत बुडाले असतील. पलंगावर बायको डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली. एक हात बाहेर होता. मी पलंगाच्या कडेला बसलो, डोळे मिटले आणि तो हात धरला. जरा खरखरीत लागला. पीठ मळून मळून बिचारीचे हात असे झाले, या विचाराने मला भडभडून आलं आणि चक्क तोंडातून शब्द फुटले.

"मी मॅनेजर नाही," मी म्हणालो. "मी गाद्या उचलतो. चुकलं माझं. पण तू गेलीस तर मी कुणाशी बोलू? तू झोपलेली असतेस तेव्हाही तुझ्या केसांना जो बेकरीतल्या पावाचा वास येतो ना, त्याच्यासाठी मी रोज जिने पळत चढतो..."

पांघरूण हललं. "जावईबापू," आतून आवाज आला, "भावना पोचल्या. पण माझ्या डोक्यावर केस नाहीत. आणि हात सोडा, मुंग्या आल्यात."

नवी गादी कंबरेला लागली म्हणून बापलेकीने मध्यरात्री जागा बदलल्या होत्या.

मी उभा राहिलो. दारात बायको दुधाची पिशवी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ दाबून धरले होते. ती पिशवी खाली ठेवून माझ्या समोर आली.

"चहा अजून व्हायचाय," ती म्हणाली. "आता मला सांग."

मी तोंड उघडलं. एक अक्षर आठवेना. कान तापले. मी म्हणालो, "तू... तू कशी आहेस?"

सासऱ्यांनी पलंगावर उठून बसत चष्मा लावला.

"'मी मॅनेजर नाही' इथपासून सुरू करा," ते म्हणाले. "आणि वासाच्या वाक्याला घाई करू नका."