दोन सेंटिमीटरचा फरक

पुष्कर देवस्थळीची जीप घरी मोजली की मूळ नोंदणीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर उंच भरे, आणि सरकारी तपासणी केंद्रात मोजली की साडेपाच.

कायद्याला चारपर्यंतचा फरक मान्य होता. पुष्करने तो नियम वाचूनच लांब स्प्रिंगा आणि मोठे टायर बसवले होते. टायर मडगार्डबाहेर डोकावत नाहीत, हे त्याने ओळंबा सोडून पाहिले होते. उंचावलेल्या गाडीपुढची मीटरभर उंचीची वस्तू चालकाला दिसली पाहिजे, या नियमासाठी त्याने बायकोचे, कौमुदीचे, पिठाचे डबे एकावर एक रचून ते आरशात दिसतात याची खात्री केली होती. भूकंपात इमारती किती डोलतील हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो काम करी. ‘अंदाजे’ हा शब्द त्याला शिवीसारखा वाटे.

जपानमध्ये, टोकियोजवळच्या उरायासुत तो राही त्या इमारतीत गाडीला आणखी एक काम होते. पुष्करचे आईवडील पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. वडील, बाळासाहेब, रोज धाकट्या भावाशी, प्रल्हादशी, फोनवर बोलत. आणि प्रल्हादला कमी ऐकू येई. आठवडाभरातच लिफ्टमध्ये अत्यंत सौम्य भाषेतली सूचना लागली: सर्व रहिवाशांनी संभाषणाच्या आवाजाचा विचार करावा. सर्व रहिवासी म्हणजे कोण, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. तेव्हापासून हे संभाषण खाली उभ्या जीपमध्ये, काचा लावून होऊ लागले. सुप्रभाबाईही शेजारी बसत, कारण दीर कसे आहेत हे नवऱ्याकडून त्यांना कधीच नीट कळत नसे.

पहिल्यांदा नापास होऊन परतलेल्या पुष्करने दुसऱ्या दिवशी सकाळी टेप लावली.

काच चार बोटे खाली आली. “किती भरली रे?” बाळासाहेबांनी विचारले.

“साडेतीन. म्हणजे पास.”

“त्यांची टेप खोटी असेल.”

“बाबा, सरकारी टेप आहे.”

“मग नक्कीच.”

“नाहीतर इथला सेंटिमीटर लहान असेल,” पलीकडून सुप्रभाबाई म्हणाल्या. “इथं सगळंच लहान असतं. बादलीसुद्धा.”

“आई, सेंटिमीटर जगभर एकच असतो.”

“असू दे. भावजी विचारतायत, गाडी पास झाली का.”

“सांग, घरी झाली.”

पुष्करने शक्यता एकेक करून निकालात काढल्या. उन्हाने लोखंड इतके फुगत नाही. उरायासु भराव घालून केलेली जमीन आहे खरी, पण पाणसळ लावल्यावर पार्किंग सपाट निघाले. आणखी दोन टेपा आणल्या. तिन्ही आपसांत सहमत होत्या. शेवटी टायरमधली थोडी हवा सोडून तो पुन्हा केंद्रात गेला. तिथल्या तपासनीस ओनिशी-साननी उंची मोजली, मान तिरकी केली आणि टायरमध्ये हवा कमी असल्याचे अतिशय खेदाने सांगितले. हवा भरल्यावर गाडी पुन्हा साडेपाच.

तपासणीची मुदत शुक्रवारी संपत होती. शनिवारी आईबाबांना याच गाडीतून फुजीच्या पायथ्याशी न्यायचे ठरले होते. नाहीतर ट्रेन, आणि ट्रेनमध्ये फोनवर बोलणे हा जवळजवळ गुन्हाच.

“ट्रेननं नेलंस तर मी वेगळ्या डब्यात बसेन,” कौमुदी म्हणाली. “आणि आज माझी मीटिंग आहे. या दोघांना तुझ्याबरोबर घेऊन जा. फोन करू देत तिथं.”

अशा रीतीने शुक्रवारी जीप केंद्राच्या रांगेत लागली तेव्हा मागच्या सीटवर प्रल्हादच्या गुडघ्याची चौकशी पूर्ण आवाजात चालू होती. ओनिशी-साननी उभा मापदंड आणून त्याची आडवी पट्टी छपरावर टेकवली.

“साडेतीन,” ते म्हणाले. पुष्करने खिशातून गाडीची किल्ली काढून पुन्हा खिशात ठेवली. आनंद व्यक्त करण्याची त्याची तेवढीच पद्धत होती.

मग ओनिशी-सान खिडकीत वाकले, दोन्ही प्रवाशांना नमस्कार केला आणि हाताने खाली उतरण्याची विनंती केली.

“प्रल्हाद, थांब जरा, साहेब उतरा म्हणतायत,” बाळासाहेब म्हणाले आणि उतरले. मागोमाग सुप्रभाबाई.

स्प्रिंगांनी कुरकुर केली. छपरावरची पट्टी पुष्करच्या डोळ्यांदेखत वर सरकली.

“अगोबाई,” सुप्रभाबाई म्हणाल्या, “ही उठली.”

“साडेपाच,” ओनिशी-सान म्हणाले आणि पुढे एक छोटे वाक्य जोडले.

“काय म्हणतोय तो?” बाळासाहेबांनी विचारले.

“गाडी रिकामी मोजतात म्हणतायत.”

“मग आम्ही बसू का परत आत?”

“नको बाबा. तिथं बाकावर बसा.”

शनिवारी सगळे ट्रेनने गेले. कौमुदी पुढच्या डब्यात होती. प्रल्हादचा फोन वाजला तेव्हा बाळासाहेबांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाले, “मी इथं नाहीये.”

पुष्कर खिडकीबाहेर पाहत होता. तो ज्या सॉफ्टवेअरवर काम करी, त्यात प्रत्येक मजल्यावर माणसांचे वजन धरलेले असते. ते विसरले तर इमारतीचे गणित चुकते, हे तो नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवी. गाडी घरी मोजली जाई तेव्हा तिच्यात त्याचे आईवडील बसलेले असत.