उधाणाच्या ओहोटीत 'मरी-जोब'

"या उन्हाळ्यात मी तुझ्याबरोबर येणार नाही," कॉफीत पाव बुडवता बुडवता स्वाझिगनं जाहीर केलं. "मायवेनच्या बोटीवर गरम पाण्याचा शॉवर आहे. आपल्या बोटीवर काय आहे? एक तर ही 'मरी-जोब' विकून टाक आणि तसली बोट घे, नाहीतर एकटा जा."

तिच्या नवऱ्यानं, गुलवेननं, हातातला पाव खाली ठेवला. 'मरी-जोब' म्हणजे साठ वर्षांपूर्वीची, ओकच्या फळ्यांची, दोर ओढायच्या पितळी रहाटांची शिडाची होडी. एकतीस उन्हाळे दोघांनी तिच्यातून बेटं पालथी घातली होती. स्वाझिगशिवाय सफर म्हणजे बिनमिठाचं लोणी, आणि फ्रान्सच्या या ब्रिटनी प्रांतात तसल्या लोण्याला कुणी दारात उभं करत नाही.

हे सगळं जिल्दासमुळे! शाळेत गुलवेनच्या वहीवरून गणितं उतरवणारा हा मायवेनचा नवरा आता गेल्याच वर्षी बांधलेल्या पांढऱ्याशुभ्र 'ओरिऑन'मधून मिरवत होता. गुलवेनचा नुसता जळफळाट होत होता.

"ती बोट आहे का?" तो म्हणाला. "तरंगतं न्हाणीघर आहे."

"मग मला न्हाणीघरच हवंय. आज बेटावर दोन्ही शेजारी शेजारी बघते आणि संध्याकाळी काय ते सांगते."

उधाणाचा दिवस होता. ओहोटीला समुद्र पार लांब जातो आणि अख्खा किनारा शिंपल्या वेचायला लोटतो. दोन्ही जोडपी बेटावर निघाली होती. 'मरी-जोब' आधी पोचली. शिडं उतरवताना गुलवेन बायकोवर ओरडला, बायको गुलवेनवर ओरडली, आणि धक्क्यावरच्या म्हाताऱ्या कोळ्यांना त्यांच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी कळल्या.

मग होडी बांधायची वेळ आली. इथं ओहोटीला पाणी दुमजली घराइतकं खाली जातं, म्हणून दोर लांब आणि सैल ठेवायचे असतात. दर ऑगस्टमध्ये गुलवेन स्वतः धक्क्यावर उभा राहून पॅरिसच्या पाहुण्यांना झापायचा, "दोर सैल सोडा! पाणी खाली जातं, धक्का जात नाही!"

तेवढ्यात 'ओरिऑन' आली, आणि तीही चक्क आडवी सरकत. जिल्दासच्या एका हातात कप होता. दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यानं बटण दाबलं आणि बोट जागच्या जागी वळली. मायवेन बसल्या जागेवरून उठलीसुद्धा नाही. 'ओरिऑन'च्या तळाला पायांसारखे दोन कणे, त्यामुळे बंदराच्या मध्यात नांगर टाकला की झालं. पाणी गेलं तरी ती वाळूवर टेबलासारखी सरळ उभी राहणार.

गुलवेन आ वासून बघत राहिला. या पांढऱ्या बोटीसमोर आपली होडी डुलताना दिसायला नको, म्हणून त्यानं दोन्ही दोर ओढून ओढून आवळले आणि वर दुहेरी गाठी मारल्या.

"या रे कॉफीला!" जिल्दास छोट्या नावेतून त्यांना न्यायला आला.

'ओरिऑन'वर फ्रिज होता, ओव्हन होता, दोन खोल्या होत्या. स्वाझिग प्रत्येक दार उघडून "अगंबाई!" म्हणत होती, आणि प्रत्येक "अगंबाई" गुलवेनच्या काळजात रुतत होतं.

"लाकडाची ऊब नाही हिला," तो पुटपुटला.

"ऊब हवी? मग शॉवर घेऊन बघ," जिल्दास म्हणाला. "खरंच. जा, लाजू नकोस."

खोड काढायच्या इराद्यानं गुलवेन आत गेला. अंगावर गरम पाणी पडलं मात्र, आणि त्याला खोडच आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा तो समुद्रावर असताना त्याची पाठ दुखत नव्हती. किती वेळ गेला देव जाणे.

"गुलवेन!" बाहेरून स्वाझिग किंचाळली. "आपली होडी टांगलीये!"

जिल्दासचा पांढरा झगा अंगावर ओढून तो वर धावला. पाणी खाली गेलं होतं, 'मरी-जोब' गेली नव्हती. दोन आवळलेल्या दोरांवर ती तिरपी होऊन धक्क्याला लोंबकळत होती. वर गर्दी जमली होती आणि पॅरिसचा एक पाहुणा आनंदानं ओरडत होता, "दोर सैल सोडा! पाणी खाली जातं!"

गुलवेनला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण खाली जमीनही नव्हती.

चौघं नावेतून धावली. गाठी अशा बसल्या होत्या की सुटता सुटेनात. जिल्दासनं धक्क्याच्या कडीतून नवा लांब दोर ओवला, होडीवरच्या पितळी रहाटावर घेतला आणि दांडा फिरवायला लागला. कर्र, कर्र करत वजन नव्या दोरावर आलं. गुलवेननं सुरीनं जुना दोर कापला, जिल्दासनं नवा हळूहळू सोडला. मग दुसरी बाजू. 'मरी-जोब' अलगद पाण्यात बसली. एक फळी हलली नाही, फडताळातला एक कप फुटला नाही.

जिल्दास घामाघूम झाला होता. हाताला फोड आले होते आणि डोळे ओले झाले होते.

"लेका," तो म्हणाला, "माझी बोट अशी लटकली असती तर तिचे दोन तुकडे झाले असते. वर्षभर नुसती बटणं दाबतोय रे मी! खरं सांगू? शाळेपासून जळतोय तुझ्यावर. अदलाबदल करतोस? 'ओरिऑन' तुला, ही मला."

गुलवेनच्या पाठीवर अजून ते गरम पाणी होतं. शॉवर मिळणार, स्वाझिग सफरीला येणार, एका फटक्यात सगळं मार्गी लागणार. त्यानं हात पुढे केला.

'मरी-जोब'च्या आतून मायवेनचा आवाज आला. "किती गोड आहे गं! इथे मी निळे पडदे लावीन. आणि हा खिडकीजवळचा कोपरा माझा."

"कुठला कोपरा?" स्वाझिगनं विचारलं.

"हा, उशीचा."

"तो माझा आहे."

"अगं, पण तुलाच नकोय ना ही होडी?"

"मला नकोय म्हणून तुला देईन होय?" स्वाझिग कडाडली. "एकतीस वर्षं शिव्या घातल्यात मी हिला. त्या फुकट गेल्या का? गुलवेन, हात मागे घे. या उन्हाळ्यात मी येतेय, आणि याच होडीतून येतेय!"

गुलवेननं हात मागे घेतला. सकाळी त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. होडी वाचली होती, बायको येणार होती. नाचायला हवं होतं.

गुलवेननं होडीतले कपडे चढवले, आणि जिल्दास आपला झगा परत घेऊन, मान खाली घालून 'ओरिऑन'वर गेला. थोड्या वेळानं तिकडून शॉवर सोडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बेसूर गाणं.

"ऐकू येतंय का तुला?" गुलवेननं हळूच विचारलं.

"छे, काही नाही," स्वाझिग म्हणाली, आणि दोघंही गाणं संपेपर्यंत कान देऊन ऐकत बसली.